पावणं सोडून गेले

आमच्या कॉलेजातलं अंगठ्याचं मशीन सरांना कधी ओळखायचंच नाही. सकाळी दारात आम्ही सगळे ओळीनं अंगठा टेकवून आत जायचो. मशीन बायकी आवाजात "धन्यवाद" म्हणायचं. सरांची पाळी आली की "कृपया पुन्हा प्रयत्न करा." सर करायचे. अंगठा पँटला पुसून, फुंकर मारून, मग डावा, मग परत उजवा. पाठीमागं सगळी रांग तुंबायची. मी कॉम्प्युटर शिकवते, म्हणजे कॉलेजातलं प्रत्येक मशीन माझ्याच माहेरचं अशी सगळ्यांची समजूत. मी वैतागून म्हणायचे, "सर, सरका बघू बाजूला, मी ऑफिसात सांगते." सर हसायचे. "राहू द्या मॅडम. मी आलोय हे त्याला पटत नाही. त्याचंही बरोबर असेल."

सुरुवातीला मला हा विनोद वाटायचा. नंतर नंतर वाटेना.

सर समाजशास्त्र शिकवायचे. स्टाफरूममध्ये त्यांचं टेबल माझ्या टेबलाला लागून, पण ते आलेत की नाहीत हे मान वर करून बघितल्याशिवाय कळायचं नाही. खुर्चीचा आवाज नाही, चपलेचा नाही, खोकणं-खाकरणं नाही. शिपाई एकदा त्यांना आत ठेवूनच खोलीला कुलूप लावून घरी गेला. दुसऱ्या दिवशी मी दार उघडलं तर सर टेबलाशी बसलेले, फोन वाचत. माझी किंकाळीच फुटली. "अहो, ओरडायचं नाही का? कुणाला तरी हाक मारायची!" सर म्हणाले, "कुणाला मारावी ते ठरेना." आणि चहा आला का म्हणून विचारू लागले.

लग्न केलेलं नव्हतं. आईवडील होते, ते गेले. जवळचं म्हणावं असं कुणी उरलेलं नव्हतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, तेही तास सुरू व्हायची घंटा झाल्यावर.

त्यांचं संशोधन होतं मोबाइल आणि भावकी यांच्यावर. आम्ही कॉम्प्युटरवाले यंत्र आतून बघतो, सर यंत्रासमोर बसलेलं माणूस बघायचे. म्हणायचे, "पूर्वी भावकी वाटणीला, लग्नाला आणि मयताला जमायची. आता रोज सकाळी जमते, फुलांचे फोटो घेऊन. हा बदल लहान आहे का मॅडम?" जिल्हाभर हिंडून त्यांनी घरोघरच्या ग्रुपांत प्रवेश मिळवला होता. घरातल्या एखाद्या शिकलेल्या पोराला गाठायचं, काही महिने मला तुमच्या ग्रुपवर घ्या, मी नुसतं वाचेन म्हणायचं. पोरं घ्यायची. नंबर "सर्वेवाले" म्हणून साठवायची.

सर्वे संपला. सरांना काढायचं मात्र कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. पोरांचे फोन बदलले, त्यात "सर्वेवाले" हे नाव गेलं, उरला नुसता नंबर आणि त्याच्या शेजारी चित्र नसलेली राखाडी मुंडी. मग घरच्यांना वाटायचं, हे कोणतरी आत्याकडचं असेल. आत्याला वाटायचं, वहिनीच्या माहेरचं असेल. विचारत कुणीच नव्हतं.

"आणि विचारणार नाहीत," सर म्हणायचे. "पंगतीला बसलेल्या माणसाला तू कोण म्हणून आपल्याकडं कुणी विचारतं का? वाढत जातात पुढं. प्रत्येक ग्रुपमध्ये असं एक पावणं असतंच." आणि माझ्याकडं बघून बारीक हसायचे. "तुमच्यातही एक आहे. बघा कधी तरी."

मी घरी जाऊन बघितलं. आमच्या सासरच्या ग्रुपमध्ये एक नंबर खरंच होता. काहीही टाका, वाचायचा. बोलायचा कधी नाही. आमच्या ह्यांना विचारलं तर म्हणाले, "तुझ्या बाजूचा असंल की." दुसऱ्या दिवशी मी सरांवर उसळलेच. "सर, तुम्ही आमच्याही घरात घुसलायसा होय?" सर शांतपणे म्हणाले, "मी नाही मॅडम. तो दुसरा आहे." मला वाटलं, चेष्टा करतात.

एकदा आम्ही दोघं कॉलेजच्या कामानं भाजी मंडईच्या बाजूनं चाललो होतो. समोरून एक गडी पिशव्या घेऊन येत होता. सरांनी त्याला थांबवलं. "धाकट्याचं प्लास्टर निघालं का?"

"निघालं की परवा," तो म्हणाला. "आता पळतोय नुसता."

"आणि म्हशीचं?"

"म्हस गाभण ऱ्हायली." मग तो जरा अडखळला. सरांचा चेहरा त्यानं दोन-तीनदा वरखाली बघितला. "पावणं, तुमी कुठलं म्हणायचं?"

"तुमच्यातलाच," सर म्हणाले, आणि पुढं चालू लागले. मी मागं वळून बघितलं. तो गडी पिशव्या खाली ठेवून आमच्याकडं बघत उभा होता. त्याच्या कपाळावरची आठी मला अजून दिसते.

लग्नांचं तर विचारूच नका. हल्ली ग्रुपवर पत्रिका टाकतात आणि खाली लिहितात, हेच आग्रहाचं आमंत्रण समजून अगत्य यावे. लिहिणारा लिहून विसरतो. सर समजायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून प्रत्येक लग्नाला जायचे. पेठ वडगावच्या एका लग्नाला मला बरोबर घेऊन गेले, म्हणाले, "चला, संशोधन दाखवतो." नवऱ्याकडच्यांनी त्यांना नवरीकडचं समजून मानानं बसवलं, नवरीकडच्यांनी नवऱ्याकडचं समजून पुढच्या पंगतीला ओढलं. मला दरदरून घाम फुटलेला, आत्ता कोण तरी पकडणार म्हणून. कोणी पकडलं नाही. उलट एका म्हाताऱ्या काकांनी नारळ, टॉवेल आणि टोपी त्यांच्या हातात ठेवून वाकून नमस्कार केला. फोटोला बोलावलं तर सर मागच्या रांगेत कडेला जाऊन उभे राहिले, अगदी सवयीचं असल्यासारखे. निघताना त्यांनी सगळ्यांना हात जोडून "येतो" म्हटलं. "या, या," सगळे म्हणाले.

हा "येतो" त्यांचा फार आवडता. स्टाफरूममधून तासाला गेले तरी येतो, फोन ठेवताना येतो. म्हणायचे, "काय भाषा आहे बघा आपली. माणूस उंबऱ्याबाहेर पडतोय आणि म्हणतोय, येतो. जातो म्हणायची सोयच ठेवली नाही. यंत्राला हे कसं शिकवणार तुम्ही?"

त्यांच्या खोलीवर मी पुस्तकं आणायला म्हणून एकदाच गेले. पुस्तकं थोडी. भिंतीला लागून टॉवेलच टॉवेल, घडी न मोडलेले, छापील किमतीचे कागद अजून लागलेले, त्यावर टोप्यांची चळत. इतक्या घरांचा मान त्या भिंतीला टेकून बसला होता. मला तिथं पाणीसुद्धा प्यावंसं वाटलं नाही. कारण विचाराल तर सांगता येणार नाही.

मग कॉलेजात एक समिती आली. संशोधन करताना माणसांच्या खाजगीपणाचं काय, हे बघणारी. त्यांनी सरांना बोलावून सांगितलं की काम संपल्यावर असं लोकांच्या घरात बसता येणार नाही. प्रत्येक ग्रुपवर आपण कोण ते सांगा आणि परवानगी घ्या, नाहीतर बाहेर पडा. समितीचं काही चुकीचं नव्हतं. मी सरांना तोंडावर सांगितलं, "बरोबरच बोलले की ते. लोक बाळंतपणं टाकतात, दवाखान्याचे रिपोर्ट टाकतात, आणि तुम्ही बसलायसा वाचत."

सरांनी टेबलावरचा फोन उचलून परत ठेवला. मग म्हणाले, "सांगितलं कोण ते, तर काढतीलच. काढलेलं चालेल. पण मी आपला आपण बाहेर पडलो आणि कुणाला कळलंच नाही, तर?"

"तर काय? सुटलात."

"मॅडम, इतकी वर्षं मी ह्या घरांत राहिलो. माझी एवढीच माणसं. मी गेल्याचं एकालाही कळलं नाही, तर मी होतो कशावरून?"

त्यांनी फोन माझ्या पुढ्यात सरकवला. त्याला कुलूप नव्हतं. लपवायला माझं काय आहे, सगळं दुसऱ्यांचंच, असं ते म्हणायचे. "एक तरी तुम्ही दाबा. माझ्या हातानं होत नाही."

सगळ्यात वर जो ग्रुप होता त्याचं नाव होतं "आमची माणसं". दुपारची वेळ, स्टाफरूममध्ये आम्ही दोघंच. मी बाहेर पडायचं बटण दाबलं. पडद्यावर ओळ आली, तुम्ही सोडून गेलात. सरांनी ती वाचली. फोन पालथा घातला आणि नेहमीपेक्षा अर्धा तास लवकर निघाले. "येतो" म्हणाले, पण आवाज पार खाली गेलेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या रोजच्या रिक्षात होते. वाटेत सर बसस्टॉपवर दिसले, म्हणून त्यांना घेतलं. रिक्षावाले मामा कळंब्याचे, तोंडानं चालू ते चालूच. आज मात्र गप्प होते. डोकं ओलं, कपाळाला गंध नाही.

"मामा, बरं नाही का?"

"उद्याच्याला गाडी न्हाय मॅडम. आमच्यातलं एक पावणं गेलं."

"अरेरे. कोण हो?"

मामांनी गिअर बदलला. मग म्हणाले, "खरं सांगू का? ठावं न्हाय." आणि सगळं भडाभडा सांगितलं. घरच्या "आमची माणसं" ग्रुपचे कारभारी, म्हणजे ॲडमिन, मामाच; कुणी बाहेर पडलं की ते त्यांनाच कळतं. काल दुपारी त्यांच्या फोनवर एक ओळ आली, अमुक नंबर सोडून गेले. नंबर ओळखीचा नाही. म्हणून मामांनी ती ओळ जशीच्या तशी ग्रुपवर टाकली आणि विचारलं, हे कोण होतं? त्यांच्या थोरल्या चुलत्यांनी पहिलं तेवढं वाचलं, सोडून गेले. त्यांनी हात जोडलेलं चित्र टाकलं आणि लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. ते बघून आत्यानं. आत्याचं बघून मुंबईच्या जावयानं. संध्याकाळपर्यंत सगळ्या घरानं फुलं वाहिली.

"मला वाटलतं, कोणतरी नुसतं गुरुपातनं बाहीर पडलंय," मामा म्हणाले. "पर एवढी मोठी माणसं म्हणत्यात म्हणजे त्यास्नी ठावं असणारच की. मग मीबी आंघोळ केली. भावकीतलं माणूस, आंघोळ तरी पायजेच."

मी सरांकडं बघायचं टाळत होते. शेवटी बघितलं. सर सीटच्या कोपऱ्यात सरळ बसलेले, दोन्ही हात मांडीवर, आणि डोळ्यांतनं पाणी वाहत होतं. पुसायचंही त्यांना सुचत नव्हतं.

"उद्या काय आहे?" सरांनी विचारलं.

"तिसरा दिस. आमची म्हातारी म्हणती, ज्याचं कोण ठावं न्हाय त्याचं करणारंबी कोण नसंल. एक निवद ठेवू कावळ्याला. चार माणसं जेवतील."

"मी येऊ का?"

मामांनी आरशातनं सरांकडं बघितलं. जरा जास्त वेळ बघितलं. मग म्हणाले, "या की पावणं. त्यात काय इचारायचं."

मी सरांना खूप बोलले. रिक्षातनं उतरल्यापासून घंटा होईपर्यंत बोलत होते. जिवंत माणसानं असलं करू नये, आत्ताच्या आत्ता मामांना खरं सांगा, नाहीतर मी सांगते. सर म्हणाले, "उद्या तिथंच सांगतो. सगळ्यांच्या देखत." त्यासाठी मी बरोबर गेले. एकटं सोडवलं नाही म्हणूनही गेले.

कळंब्याला मामांचं घर तळ्याच्या अलीकडं. दारात मांडव नव्हता, पण माणसं होती. कंपाउंडच्या भिंतीवर पत्रावळीत भात, आमटी, पोळी आणि वडा ठेवलेला. विजेच्या तारेवर कावळे बसलेले, खाली एकही येत नव्हता. मामांची आई भिंतीजवळ पाटावर बसून त्यांच्याकडं टक लावून बघत होती. "सकाळधरनं शिवना," ती कुणालातरी सांगत होती. "कायतर ऱ्हायलंय पावण्याचं."

पुढच्या सोप्यात खुर्चीवर एक फोटो, त्याला झेंडूचा हार. मामांच्या सुनेनं मला हळूच सांगितलं की फोटो कुठं मिळेना, तेव्हा तिनं घरातल्या सगळ्या लग्नांच्या फोटोंतले चेहरे फोनला ओळखायला लावले. फोननं सगळ्यांचे गठ्ठे वेगळे केले. प्रत्येक गठ्ठ्याला नाव मिळालं, एकाच चेहऱ्याला मिळालं नाही. "दर लग्नात हाईत बघा म्हागं, कडंला. म्हंजे हेच असणार."

फोटो मोठा केल्यानं पुसट झाला होता. तरी सर ते सरच. पांढरा शर्ट.

मामा पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले. सरांकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. तांब्यातलं पाणी हिंदकळून पायावर सांडलं. "मॅडम," ते मला म्हणाले, "मॅडम, हे तर…"

"गप ऱ्हा," म्हातारी म्हणाली. ती पाटावरनं उठली होती. डोक्यावरचा पदर तिनं नीट केला आणि सरांच्या समोर येऊन उभी राहिली. चेहरा निरखला. घाबरली नाही, विचारलं नाही. "या पावणं. पाणी घ्या. हातपाय धुवा आन् बसा जेवायला."

मी सरांच्या कोपराला चिमटा काढला. सांगा ना! सरांनी तोंड उघडलं होतं, ते मिटलं. हातपाय धुऊन ते पाटावर बसले.

त्यांच्याबरोबर कुणी बसलं नाही. सगळं घर भिंतींना टेकून उभं, बायका आतल्या दारात, आणि मध्ये एकटे सर जेवतायत. कुणी खोकत नव्हतं. भात कालवल्याचा आवाज तेवढा येत होता. म्हातारीनं स्वतः वाढलं. मग समोर बसून तिनं हात जोडले.

"पावणं, मनात काय ऱ्हायलंय का? आमच्याकडनं काय पोचायचं ऱ्हायलं असंल तर सांगा."

सरांनी घास खाली ठेवला. "सगळं पोचलं आजी. नातीच्या बाळंतपणाचं पोचलं. बोअरला पाणी लागलेलं पोचलं. मालक गेले त्या दिवशीचं पोचलं. तुमचे डोळे बरे झाल्याचंही पोचलं. काहीसुद्धा राहिलं नाही."

म्हातारीच्या डोळ्याला धार लागली. आतनं कुणीतरी हुंदका दिला. "मग जावा आता सुखानं," ती म्हणाली. "आमी हाय."

"व्हय," सर म्हणाले. आयुष्यभर पुस्तकातलं बोलणारा माणूस, त्यांच्या तोंडून हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

हात धुऊन ते उंबऱ्याशी आले. चपला घातल्या. वळून सगळ्यांना हात जोडले, नेहमीसारखेच, आणि म्हणाले, "जातो."

"या" म्हणायला कुणाचं तोंड उघडलं नाही. तेवढ्यात माझ्या मागं पंखांची फडफड झाली आणि भिंतीवरची पत्रावळ वाजली. मी वळून बघितलं नाही. माझी छातीच झाली नाही.

मामांनी सोडायला येतो म्हटलं नाही. आम्ही तळ्याच्या कडेनं चालत रस्त्याला आलो. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, "सर, काय करून बसलात हो हे?" ते तळ्याकडं बघत उभे राहिले. मग माझी बस आली. खिडकीतनं बघितलं तर ते तिथंच उभे होते. चेहरा इतका मोकळा मी कधी बघितला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सर आले नाहीत. त्यानंतर कधीच आले नाहीत. घरमालकांबरोबर मी खोलीवर गेले. दार नुसतं लोटलेलं. टॉवेलांच्या चळतीवर फोन ठेवलेला होता. उघडला. आत एकही ग्रुप उरला नव्हता. सर एकेक करून सगळ्यांतून बाहेर पडले होते. त्या दिवशी जिल्ह्यात किती घरांनी अवेळी आंघोळी केल्या असतील, कुणाला ठाऊक. कुणी म्हणतं, हातकणंगले स्टेशनवर दिसले. पोलिसांत आम्ही कळवलं. पुढं काही झालं नाही.

एक गोष्ट मात्र मी आजवर कुणाला सांगितलेली नाही. महिनाअखेरीस हजेरीचा हिशेब काढायला मशीन माझ्याकडं आलं. कळंब्याच्या जेवणानंतरच्या सकाळी, सगळ्यांच्या आधी, सरांचं नाव लागलेलं होतं. त्या दिवशी त्यांना कॉलेजात कुणी बघितलेलं नाही, दाराशी बसणाऱ्या शिपायानंही नाही. मशीननं अंगठा घेतला होता.

परवा आमच्या सासरच्या ग्रुपवर दिरांनी लिहिलं, हा एक नंबर कुणाचा आहे? कुणाचाच नसेल तर काढून टाकतो. सरांचा नंबर मला पाठ आहे. हा तो नव्हे. सर तेव्हा चेष्टा करत नव्हते. कुणी काही उत्तर देईना. मी लिहिलं, "राहू दे भाऊजी. आपल्यातलंच आहे." आणि मग मला राहवेना, म्हणून खाली लिहिलं, "पावणं, जेवलासा काय?"

घरच्यांनी हसायची चित्रं टाकली. मी फोन हातात धरून ओट्याशी उभी होते. थोड्या वेळानं त्या नंबरावरून, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, उत्तर आलं.

"व्हय."